फडक्याचा कोपरा

आई गेली त्या दिवशी सकाळी तिने विहिरीचे पाणी शेंदले, गाळले, घागर आत आणून ठेवली आणि चुलीपुढे बसली. आप्पा रानातून आले तेव्हा ती तिथेच होती. मला फोन आला तेव्हा मी बेळगावात प्रयोगशाळेत होते. मी हातातली बाटली खाली ठेवली आणि बस धरली.

आमचे घर निपाणीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका गावात. आम्ही जैन. आप्पांची तंबाखूची शेती होती. काढणी झाली आणि अंगणात पाला वाळायला पडला की घरात बोलण्यापेक्षा शिंकण्याचा आवाज जास्त असे. पाहुणे दारातच शिंकत, आणि आई आतून म्हणे, "या, पोचलासा म्हणायचं." घराच्या मागे विहीर होती, तिच्यावर जांभळीची सावली. माझी झोप मोडे ती रहाटाच्या कुरकुरीने. मग काही वेळाने बस्तीतली, म्हणजे आमच्या देवळातली, घंटा वाजे. रहाट आधी, घंटा मागून. देवसुद्धा आईनंतर उठतो अशी माझी लहानपणी समजूत होती.

पाणी न गाळता पिणे आमच्यात नाही. जाड खादीचे फडके दुहेरी करून घागरीच्या तोंडावर धरायचे आणि पाणी त्यातून सोडायचे, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. त्यापुढचे मात्र आता फारसे कुणी करत नाही. फडक्यात जे अडकते ते जीव, मग डोळ्यांना दिसोत वा न दिसोत. फडके उलटे करायचे, त्याच्यावरून गाळलेले पाणी हलकेच सोडायचे, आणि जीवांसकट खाली येणारे ते पाणी एका तांब्यात धरायचे. त्याला जिवाणी म्हणतात. ती ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत जायला हवी. दुसऱ्या पाण्यात चालत नाही, मोरीत चालत नाही, काठावरून ओतलेलीही चालत नाही, कारण एवढ्या उंचीवरून पडून ते मरतील. म्हणून आईच्या पितळी तांब्याला तळाशी एक कडी होती. एक दोरी तांब्याच्या गळ्याला, दुसरी त्या कडीला. तांब्या सरळ खाली सोडायचा, पाण्याला टेकला की कडीची दोरी हळूच ओढायची. तांब्या आडवा होई आणि आतले पाणी पाण्यात मिळे. त्यानंतरही आई थोडा वेळ वाकून बघत राही. कुणाला बसमध्ये बसवून दिल्यावर बस हलेपर्यंत आपण थांबतो, तशी.

गावात नळ आला, मग बोअर आली. शेजारच्या काकू एकदा तिला म्हणाल्या, "वैनी, नळाला फडकं बांधलं की झालं की. कशाला येवढा खटाटोप?"

"बांध की," आई म्हणाली. "त्यात अडकलेलं कुठं सोडतीस त्ये सांग."

काकू हसल्या आणि दुसरा विषय काढला.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण होई. शाळेतल्या मैत्रिणी खेळायला बाहेर पडत तेव्हा आम्ही आंचवत असू. जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वाटीत दही. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे. आप्पा भाकरी मोडताना खिडकीच्या गजांमधून सूर्य कुठवर आला ते बघत, आणि तो शेवटच्या गजाखाली उतरला की हातातला घास तेवढा संपवून पाणी पीत. पुढच्या आयुष्यात माझे बरेच नियम सैल झाले, काही सुटले. पण अजूनही ऊन कलले की मला भूक लागते. मी त्या भुकेशी वाद घालत नाही.

शिक्षण संपवून मी बेळगावला एका संशोधन केंद्रात लागले. खासबागेत एका विणकर कुटुंबाच्या माडीवर माझी खोली होती. खाली यंत्रमाग चाले, त्यामुळे माडीची जमीन दिवसभर बारीक थरथरत असे आणि पाण्याच्या भांड्यात सतत वलये दिसत. माझे काम होते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने तयार करण्याचे. त्या यंत्राच्या पोटात हवा नसते. आत जाणाऱ्या वस्तूत पाण्याचा अंशही चालत नाही, आणि सजीव म्हणजे तर बहुतेक पाणीच. तो नुसता वाळवला तर पाणी जाताना सगळे आपल्याबरोबर ओढून नेते. भिंती आत कोसळतात, पाय दुमडतात, केस चिकटून बसतात, आणि मग यंत्रात दिसते ते त्या जीवाचे रूप नसते, पाण्याने जाताना केलेला विध्वंस असतो. म्हणून आधी नमुना एका उग्र औषधात बुडवून आहे त्या आकारात थांबवायचा. मग त्याला अल्कोहोल द्यायचे, पहिल्यांदा पातळ, मग कडक, शेवटी निव्वळ, कुठेही घाई न करता. मग एका जाड धातूच्या भांड्यात अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि भांडे बंद करून तापवायचे. एका टप्प्यावर द्रव आणि वायू यांच्यामधली रेघच पुसली जाते. भांड्याला काचेची लहान खिडकी होती, तिच्यातून ती रेघ नाहीशी होताना दिसे. मी ती कितीही वेळा पाहिली तरी पुन्हा पाहत असे. त्यानंतर वायू हळूहळू सोडून द्यायचा. ओल गेलेली असते, पण जाताना तिने कशालाही हात लावलेला नसतो. उरलेला कोरडा नमुना अॅल्युमिनियमच्या बटणावर चिकटवायचा आणि त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर बसवायचा. मग तो आत जायला तयार.

हे मला हिरेमठ सरांनी शिकवले. ते घरी कन्नड बोलत, आमच्याशी मराठी आणि यंत्राशी इंग्रजी. यंत्र बिघडले की मात्र त्याच्याशीही कन्नड. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "सुनंदा, तुम्ही लोक पाणी गाळून जीव वाचवता. मी त्यांना सोन्यानं मढवतो. जास्त मान कोण देतं, सांग."

"तुम्ही आधी मारता, सर."

"ते खरं," ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी मला डास, मुंग्या वगैरे कधी दिले नाहीत. माझ्या वाट्याला पाने, दात, मुतखडे. मी काही मागितले नव्हते आणि त्यांनीही कारण सांगितले नाही.

आप्पांच्या रानातल्या तंबाखूचे पान मी एकदा तसे तयार केले आणि त्याचे चित्र घरी नेले. पानावर दाट केस होते, प्रत्येकाच्या टोकाला एक गोल डोके. आप्पांनी चित्र उजेडात धरले. "ह्यो माझ्या रानातला पाला? येवढी केसं?" मग थोडे थांबून म्हणाले, "म्हंजे वरीसभर आम्ही न्हाव्याचंच काम करतोय की." सोन्याचे सांगितले तेव्हा त्यांना आणखी गंमत वाटली. "बघ गं," ते आईला म्हणाले, "जित्या पोरीच्या गळ्यात न्हाय, आन् पाल्याला सोनं घालत्यात."

आई हसली नाही. ती वाट्या पुसत होती. पुसून झाल्यावर तिने चित्र घेतले आणि बराच वेळ पाहिले.

"फडक्यात काय असतं, त्ये दिसंल व्हय गं तुझ्या मशिनीत?"

"दिसंल की. तोंड, पाय, समदं दिसंल."

"मग देऊ व्हय एकदा फडकं?"

"पण आधी मारावं लागतंय, आई. जित्तं आत चालत न्हाय."

तिने चित्र माझ्या हातात परत दिले. "मग ऱ्हाऊ दे. हाईत, येवढं ठाव हाय मला. तोंडं बघून काय करायचंय."

हा विषय तिने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परत आलो आणि आप्पा मागच्या दाराने विहिरीकडे गेले. ते लवकर आले नाहीत म्हणून मी आणि आत्या बघायला गेलो. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, संकेश्वरहून आली होती. आप्पा विहिरीच्या काठावर बसले होते. त्यांच्या पुढ्यात कडीचा तांब्या होता आणि तांब्यावर आईचे फडके बोळ्यासारखे पडून वाळले होते. आई ते फडके कधी असे टाकत नसे. धुऊन, झटकून खुंटीवर घालत असे.

"हिनं जिवाणी सोडलीती का न्हाय?" आप्पांनी विचारले. कुणाला विचारले ते कळत नव्हते.

"सोडली असंल की," आत्या म्हणाली. "वैनीनं कधी चुकवलंय?"

"मग फडकं खुंटीवर का न्हाय?"

"भोवळ आली असंल. ठेवलं असंल हाताला लागंल तिथं."

"व्हय. पर भोवळ कवा आली? सोडायच्या आधी का मागनं?"

आई गेली त्या सकाळी विहिरीवर दुसरे कुणी नव्हते. मला वाटले, माणूस अशा दिवसांत काहीतरी धरून बसतो आणि काही दिवसांनी आपोआप सोडतो. आप्पांनी सोडले नाही. ते एकच वेळ जेवू लागले. सुतकात कुणी त्यांना फार बोलले नाही, पण सुतक फिटल्यावरही संध्याकाळचे ताट ते सरकवू लागले तेव्हा आत्याने कारण विचारले. ते त्यांनी सरळ सांगितले. फडक्यातले जीव त्या दिवशी वाळून मेले असतील तर तो दोष आईच्या नावावर राहिला. तिला आता प्रायश्चित्त घेता येत नाही. तेव्हा ते आपण घ्यायचे. एक वेळ जेवण, जिवात जीव असेपर्यंत.

आप्पांना साखरेचा आजार होता. गोळ्या दोन वेळच्या जेवणाच्या होत्या, आणि त्या मात्र ते दोन्ही वेळा घेत. एका सकाळी गोठ्याच्या दारात ते घामाने भिजून खाली बसले. आत्याने त्यांच्या तोंडात गूळ घातला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "एकीला पोचवून आलो. आता ह्येची तयारी चाललीय. तू शिकलीयास. काय तरी सांग त्याला."

मला सांगण्यासारखे एकच सुचले. मी आप्पांच्या कॉटवर बसले आणि म्हणाले, "फडकं मला द्या. सोडली का न्हाय त्ये बघता येतं. सोडली असंल तर फडक्यात काय नसंल. नसंल सोडली तर भरून असंल."

ते उठून बसले. "आन् भरून असलं, तर मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगशील?"

"न्हाय."

"मग ने."

फडके मी कागदात गुंडाळले. आत्याने वाटेत प्यायला म्हणून घागरीतल्या, विहिरीच्याच गाळलेल्या पाण्याची बाटली पिशवीत ठेवली.

हिरेमठ सरांनी फडके हातात न घेता नुसते पाहिले. "हवेत वाळलंय. आत काही असलं तर चेपलेलं असणार. तरी बघू. आधी भिजव, मग औषध. पण डिस्टिल्ड पाणी नको, त्यात फुगून फुटतात. ज्या पाण्यातलं आहे तेच पाणी मिळालं तर उत्तम."

मी पिशवीतून आत्याने दिलेली बाटली काढली. आईचाही हाच नियम होता. कारण वेगळे होते.

फडक्याचा एक कोपरा मी कात्रीने कापला आणि काचेच्या बशीत त्या पाण्यात भिजत ठेवला. पुढची सगळी खटपट करण्याजोगे त्यात काही आहे का, ते पाहायला बशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. धाग्यांच्या जाळीत गाळ होता, शेवाळाचे तुकडे होते, आणि पाणपिसवांसारख्या जीवांची कवचे होती, चेपलेली, एकावर एक. फडके भरलेले होते. आईने जिवाणी सोडलेली नव्हती. आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर इतक्या लवकर मिळाले याचेच मला आश्चर्य वाटले. दुसरे काही वाटायला थोडा वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ मी घेतला नाही. कवचांचे चित्र तरी घ्यावे म्हणून फ्रिजमधून औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली, आणि जेवणाचा डबा उघडला.

डबा धुऊन आले, हातमोजे घातले आणि औषध ओतण्याआधी एकदा डोळा लावला. दोन धाग्यांच्या मधे मघाशी एक गोल कण होता, तो मी वाळूचा समजले होते. तो आता लांबट झाला होता. मी बघत असतानाच तो आणखी लांबला, शेपटीने धाग्याला धरले, अंग ताणले, आणि त्याच्या तोंडाशी बारीक केसांची दोन चाके फिरू लागली. जरा पलीकडे तसाच दुसरा होता. त्याच्या पलीकडे एक नुकताच उलगडत होता.

मी सरांना हाक मारली. ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"रोटिफर," ते म्हणाले. "पाणी आटलं की हे स्वतःला गुंडाळून पडून राहतात. पाणी लागलं की उठतात. वाचलं असशील."

वाचले होते. परीक्षेत लिहिलेही होते. आमच्या विहिरीशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता.

"आता वेळ घालवू नको," सर म्हणाले. "अंग ताणलेलं आहे तोवर औषध घाल. आकसले की पुन्हा गोळा होतील. असं चित्र आपल्याकडे कुणी घेतलेलं नाही."

"नको, सर."

"नको म्हणजे?"

"ही आईची राहिलेली जिवाणी आहे. घरी न्यायची आहे."

सरांना जिवाणी म्हणजे काय ते मी पूर्वी सांगितले होते. त्यांनी औषधाच्या बाटलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. त्यांना ते चित्र खरोखर हवे होते, ते मला दिसत होते. मग त्यांनी विचारले, "बसनं?"

"बसनंच."

"इथून जिवंत बाहेर जाणारा हा पहिलाच नमुना," ते म्हणाले, आणि कपाटातून रुंद तोंडाची एक स्वच्छ बाटली काढून दिली. मी तिच्यात घरचे उरलेले पाणी ओतले, फडके आणि कापलेला कोपरा दोन्ही सोडले. सरांनी झाकणाऐवजी कापसाचा बोळा बसवला. "हवा लागू दे त्यांना. आणि चाकावरच्या सीटवर बसू नको."

बसमध्ये मी बाटली मांडीवर धरून बसले होते. पाण्यात बुडालेले फडके आणि तोंडाला कापूस पाहून कंडक्टरने कन्नडमध्ये विचारले, हे काय आहे. "नीरु," मी म्हणाले. पाणी. तो म्हणाला, असले पाणी पिऊन प्रवास केला तर पुढच्या खेपेला तिकीट दवाखान्याचे काढावे लागेल. मागचे दोघे हसले. मीही थोडी हसले. आई गेल्यावर ते पहिल्यांदा, असे आता लिहिताना लक्षात येते.

घरी पोचले तेव्हा ऊन कलले होते. आप्पा ओट्यावर बसले होते. आत्या आत भाकरी थापत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. मी पिशवी खाली ठेवली नाही.

"सोडली नव्हती, आप्पा."

त्यांनी मान हलवली. "वाटलंच मला."

"पण समदी मेली न्हाईत. कवचाची मेली. बारकी हाईत ती जित्ती हाईत. माझ्या डोळ्यानं बघितली मी."

"येवढं वाळल्यावर?"

"वाळल्यावर. ती तशीच गोळा होऊन पडून ऱ्हातात. वाट बघत."

"कुणाची?"

"पाण्याची."

ते माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत होते. मी खोटे सांगते आहे का, हे तपासत असावेत. मग म्हणाले, "मग हुबी का ऱ्हायलीस? चल की."

आत्या दारात आली. "दिस चाललाय. आधी जेवून घ्या."

"आधी त्यास्नी," आप्पा म्हणाले.

विहिरीवर मी फडके उलटे केले. आप्पांनी वरून गाळलेले पाणी सोडले, थोडे माझ्या मनगटावरून गेले, आणि खाली येईल ते मी कडीच्या तांब्यात धरले. बाटलीतलेही त्यातच घेतले. गळ्याची दोरी माझ्याकडे होती. तांब्या सरळ खाली गेला, पाण्याला टेकला. आप्पांनी कडीची दोरी ओढली. तांब्या आडवा झाला. आप्पा वाकून बघत राहिले, आणि मला त्यांच्या सदऱ्याचा मागचा भाग धरून उभे राहावे लागले.

"मेली त्यांचं?" परत येताना ते म्हणाले.

मी रिकामा तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"त्यांच्यापायी अष्टमी-चतुर्दशीचे उपास धरतो," त्यांनीच ठरवले. ते उपास ते पूर्वीही करत. आत्याने ताट वाढले. सूर्य खिडकीच्या खालच्या गजाला टेकला होता. आप्पांनी भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवले. दही दुसऱ्यांदा मागून घेतले. आत्या चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळली नाही.

आप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले, दोन वेळ जेवून. आता तेही नाहीत. विहिरीवर ग्रामपंचायतीने लोखंडी जाळी बसवली आहे आणि रहाट काढला आहे. मी बेळगावातच राहिले. मी तयार केलेले नमुने प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, पाने, दात, खडे, सोन्याचा थर दिलेले. त्या फडक्यातल्या एकाही जीवाचे चित्र माझ्याकडे नाही. फडके आहे. त्याचा एक कोपरा कापलेला आहे.